शाळा सुटल्यानंतर मुले खेळायला बाहेर पडतात ती कशामुळे, आणि अडतात ती कुठे?

इंद्रायणीकाठ (पिंपरी-चिंचवड) – प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी सहावीत आणि मुलगा तिसरीत आहे. मुलीची शाळा सकाळची असल्यामुळे ती दुपारी दीडच्या सुमारास घरी येते. मुलाची शाळा पूर्वी सकाळी लवकर भरत असे. परंतु चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे राज्य शासनाने २०२४ मध्ये ठरवल्यापासून ती नऊला भरू लागली. लहान मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू मला पटतो आणि सकाळची रडारड थांबल्याचा अनुभवही आहे. मात्र आता तो बसमधून उतरतो तेव्हा पाच वाजायला आलेले असतात. हातपाय धुऊन काही खाईपर्यंत साडेपाच होतात आणि थंडीच्या दिवसांत त्यानंतर अर्ध्या तासात अंधारून येते. मुलीला दुपारी वेळ असतो, पण उन्हामुळे ती बाहेर पडत नाही आणि पाच ते साडेसहा तिची शिकवणी असते. आम्ही दोघे कामावरून सातनंतर परततो. घरी सासूबाई आहेत; त्या मुलांचे सगळे प्रेमाने करतात, पण खाली येऊन मुलांच्या मागे धावणे त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही.

आमच्या सोसायटीत बाग आहे, पण हिरवळीवर पाय ठेवू नये अशी पाटी आहे. वाहनतळाच्या भिंतीवर आणि लिफ्टमध्ये ‘येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे’ असा कागद चिकटवलेला आहे. जवळच्या अकादमीत क्रिकेट आणि स्केटिंगचे वर्ग चालतात, परंतु दोन मुलांचे शुल्क, गणवेश, साहित्य आणि नेण्या-आणण्याची व्यवस्था असा सगळा विचार केला की ते आम्हाला परवडणारे नाही.

तरीही माझी मुले मुळात आळशी आहेत असे मला वाटत नाही. गणपतीच्या दिवसांत शिकवण्या बंद होत्या आणि सगळी मुले मंडपाभोवती जमत होती, तेव्हा त्यांनी फरशीचे तुकडे गोळा करून लगोरी रचली आणि आरतीची घंटा होईपर्यंत ती खेळत राहिली. त्या संध्याकाळी दोघांपैकी एकानेही टॅब मागितला नाही. उत्सव संपला आणि आठवड्याभरात सगळे पूर्ववत झाले.

कोणता वर्ग लावावा हे मला विचारायचे नाही. त्या काही दिवसांत जे आपोआप जमून आले, ते एरवी का जमत नाही आणि वर्षभर जमावे यासाठी पालकांना नेमके काय करता येईल, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे.

खांब ते खांब (सातारा)

ताई, मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला क्रीडाशिक्षक आहे आणि अजूनही संध्याकाळी गावातल्या मुलांना खो-खो शिकवतो. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपण सांगितलेल्या गणपतीच्या दिवसांतच आहे. त्या वेळी सगळी मुले एकाच वेळेला मोकळी होती, एकाच ठिकाणी होती आणि आजूबाजूला मोठी माणसे आपापल्या कामात असली तरी त्यांचे लक्ष होते. या तीन गोष्टी जुळल्या की मुलांना खेळा म्हणून सांगावे लागत नाही.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट जागा नसून वेळ जुळणे ही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या लहानपणी गावातली एकच शाळा एकाच वेळी सुटायची, त्यामुळे भिडू शोधावे लागत नसत. आज एकाच इमारतीतल्या दहा मुलांच्या शाळा पाच, शाळा सुटण्याच्या वेळा चार आणि शिकवण्यांच्या वेळा दहा असतात. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांतली दुपारच्या सत्राची मुले तर संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटतात. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि जूनअखेरीस सव्वासातच्या आसपास. म्हणजे या मुलांच्या वाट्याला हिवाळ्यात शाळेनंतरचा उजेडच येत नाही. एखादे मूल खाली उतरते, कोणी दिसत नाही म्हणून परत वर जाते, आणि तसे दोन-तीनदा झाले की उतरणेच सोडून देते. मग आपण म्हणतो की त्याला मोबाईलचे वेड लागले. मोबाईल ओढतो हे खरेच, पण पुष्कळदा तो रिकाम्या झालेल्या जागेत शिरलेला असतो.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की इमारतीतल्या चार-पाच घरांनी मिळून आठवड्यातले निदान तीन वार आणि एक वेळ ठरवावी, आणि त्या वेळेत कोणाचीही शिकवणी ठेवू नये. आपल्या मुलीची शिकवणी पाचऐवजी साडेतीनला किंवा साडेसहाला हलवता येते का, हे शिकवणीच्या बाईंना विचारून पाहावे. एकट्या पालकाने विचारले तर बहुधा नकार मिळतो. त्याच वर्गातल्या सहा पालकांनी एकत्र विचारले तर वेळ बदलते, हे मी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट वयाची. शहरातले वर्ग वयोगटानुसार मुले वेगळी करतात. गल्लीतल्या खेळात मात्र तिसरीतला मुलगा लिंबूटिंबू म्हणून मोठ्यांच्या डावात शिरायचा. त्याच्यावर राज्य येत नसे, तो बाद झाला तरी चालत असे, पण धावायचा तो सगळ्यांच्या बरोबरीने, आणि वर्षभरात पक्का गडी होऊन जायचा. आपली दोन्ही मुले एकाच खेळात उतरू शकतील अशी ही सोय आहे. ती मुलांना एकदा सांगितली की ती स्वतःच नियम बसवतात. साखळी, विषामृत, डबा ऐसपैस, लंगडी, लगोरी यांतल्या कशालाही शुल्क नाही आणि यांतले बहुतेक खेळ चेंडूवाचून होतात, त्यामुळे आपल्या सोसायटीच्या त्या कागदाशीही त्यांचा विरोध येत नाही.

जागेबद्दल इतकेच सांगतो की आपण समजतो तितकी ती लागत नाही. कबड्डीचे पुरुषांचे पूर्ण मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते; महिलांचे त्याहून लहान, १२ बाय ८ मीटरचे. सहा-सात मोटारी हलवल्या तर तेवढी जागा निघते. फरशीवर किंवा डांबरावर कबड्डी मात्र कृपया खेळू देऊ नये, कारण पकडीत पडल्यावर गुडघे आणि कोपरे सोलवटून निघतात. त्यासाठी मातीच हवी. कठीण जमिनीवर लंगडी, साखळी आणि दोरीवरच्या उड्या बऱ्या.

पैसे भरून लावलेल्या वर्गांविषयी माझा आकस नाही. त्यातून शिस्त येते आणि कौशल्य येते. पण वर्ग लावला म्हणजे मुलाचा व्यायाम झाला, हा समज तपासून घ्यावा. अमेरिकेतल्या सॅन डिएगो भागात ७ ते १४ वर्षांच्या मुलांच्या कमरेला मोजमापाचे यंत्र लावून संघांच्या सरावात ती प्रत्यक्ष किती हालतात हे पाहिले गेले. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला अपेक्षित असलेला ६० मिनिटांचा व्यायाम त्या सरावात पूर्ण करणारी मुले जेमतेम चौथा हिस्सा निघाली. आपल्याकडच्या क्रिकेटच्या जाळीजवळ अर्धा तास उभे राहून पाहावे. एक मुलगा फलंदाजी करतो, एक गोलंदाजी, आणि उरलेले पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेले असतात. डबा ऐसपैसमध्ये असा बसून राहणारा कोणी नसतो.

शाळेविषयी बोलायचे तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. प्रत्यक्षात शहरांतल्या अनेक शाळांचे पटांगण हे प्रार्थना आणि बसगाड्या उभ्या करण्याचे ठिकाण झाले आहे, आणि चाचणी जवळ आली की शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला जातो. मी सेवेत असताना यावरून वाद घातले आहेत आणि आजही घालीन. दिवसभर बाकावर बसलेले मूल संध्याकाळी थकलेले दिसते, तेव्हा त्याचे डोके दमलेले असते. पायांना तर दिवसभर कामच मिळालेले नसते.

दृष्टिक्षेप (नाशिक)

मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, त्यामुळे या चर्चेत वेगळ्या बाजूने थोडी भर घालतो.

आधी प्रमाणाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याची सरासरी धरून दररोज ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि त्यात आठवड्यातून निदान तीन दिवस दम लागेल असे आणि स्नायू व हाडे बळकट करणारे खेळ असावेत. सरासरी हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सोमवारी जमले नाही म्हणून आठवडा वाया गेला असे समजू नये, आणि ही साठ मिनिटे एकसलग मिळाली पाहिजेत असेही नाही. बसथांब्यापर्यंत झपझप चालणे आणि शाळेच्या मधल्या सुटीतली पळापळ यांचाही त्यात हिशेब होतो. १४६ देशांच्या माहितीवरून केलेल्या पाहणीत ११ ते १७ वयोगटातली सुमारे ८१ टक्के मुले २०१६ मध्ये एवढीही हालचाल करत नसल्याचे दिसले होते. मुलग्यांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के आणि मुलींमध्ये ८५ टक्के होते. ही केवळ आपल्या घरातली अडचण नाही, हे ताईंनी लक्षात घ्यावे.

आता माझ्या विषयाकडे येतो. माझ्याकडे चष्म्याचा नंबर तपासायला येणाऱ्या मुलांच्या पालकांना मी अभ्यास आणि पडदा यांच्याआधी एक प्रश्न विचारतो: मूल दिवसाउजेडी उघड्यावर किती वेळ असते? चीनमधल्या ग्वांगझौ शहरात काही शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा घराबाहेर नेण्यात आले आणि इतर शाळांत नेहमीचाच क्रम ठेवला गेला. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा बाहेर नेलेल्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लघुदृष्टी (लांबचे अस्पष्ट दिसणे) आली होती, तर इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तैवानने त्याही आधीपासून शाळकरी मुलांनी दिवसाचे दोन तास उघड्यावर घालवावेत असे धोरण ठेवले आहे. कारण उजेडाच्या तीव्रतेत आहे. वर्गात किंवा दिवाणखान्यात जेमतेम काहीशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो हजारोंच्या घरात जातो. हा उजेड नेत्रगोलाची अवाजवी वाढ रोखायला मदत करतो, असे आजवरच्या संशोधनावरून दिसते. मूल त्या वेळी धावते की नुसते मातीत बसून खेळते, याने डोळ्यांपुरता फारसा फरक पडत नाही.

म्हणून रात्री आठला दिव्यांच्या झोतात खेळलेला फुटबॉल हृदयाला आणि पायांना चांगला असला, तरी डोळ्यांच्या हिशेबात तो धरता येत नाही. ज्यांच्या शाळा नऊला भरतात त्यांनी सकाळचा अर्धा तास मोकळा काढता येतो का हे पाहावे. आपला मुलगा आता उशिरा निघतो. साडेसात ते आठ या वेळेत त्याला खाली सायकल फिरवता आली, तर संध्याकाळच्या अर्ध्या तासावरचा भार पुष्कळ हलका होईल.

एक साधी गोष्ट जाता जाता सांगतो. शाळेतून आलेल्या मुलाला भरपेट खायला घालून लगेच खेळायला पाठवू नये. ते बसूनच राहते. केळे, गूळ-शेंगदाणे किंवा अर्धी पोळी आणि पाणी एवढे पुरते. पोहे-उपमा खेळून आल्यावर द्यावा. आजींना हे सांगितले तर त्या आनंदाने करतील.

तळमजला (ठाणे)

मी आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीवर आहे आणि आमच्याकडेही तसाच कागद भिंतीवर होता, म्हणून त्या कागदाच्या मागे काय असते ते सांगतो. बहुतेकदा त्यामागे एक फुटलेली काच, एक ओरखडा पडलेली मोटार आणि दुपारी झोपमोड झालेले एक आजारी गृहस्थ असतात. या तिन्ही तक्रारी खऱ्या असतात. चूक तिथे होते, जिथे तीन तक्रारींवरून सगळ्या मुलांना सगळ्या वेळी बंदी घातली जाते, कारण बंदी घालणे समितीला सर्वांत सोपे जाते.

आम्ही वाद न घालता प्रत्येक तक्रारीचे उत्तर शोधले. लेदरचा आणि कडक रबराचा चेंडू बंद केला. मऊ चेंडू चालू ठेवला. वेळ सायंकाळी पाच ते पावणेसात अशी ठरवली आणि दुपारी एक ते चार पूर्ण शांतता, हे मुलांनीही मान्य केले. प्रवेशद्वाराजवळच्या पट्ट्यातल्या मोटारी त्या वेळेपुरत्या मागच्या बाजूला लावायच्या, यावर मात्र बराच खल झाला. अखेर कामावर गेलेल्यांच्या रिकाम्या जागा एकमेकांना वापरू द्यायच्या, यावर तोड निघाली. काच फुटली तर खर्च खेळणाऱ्या सगळ्या मुलांच्या घरांनी वाटून घ्यायचा, असा ठराव सर्वसाधारण सभेत झाला. त्या ठरावामुळे मुले आपल्यातल्याच दांडगटांना आवरू लागली, हे मला विशेष वाटते.

जागेच्या हक्काविषयीही पालकांना माहिती असावी. मुंबई महापालिकेचे क्षेत्र वगळून राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के क्षेत्र करमणुकीसाठी मोकळे ठेवण्याची तरतूद आहे. मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशी मोकळी जागा पोडियमवर (वाहनतळाच्या वरच्या गच्चीवर) न दाखवता जमिनीवरच दिली पाहिजे असे म्हटले होते. आपल्या इमारतीचा मंजूर नकाशा सोसायटीच्या दप्तरात असतो. तो काढून पाहावा. जी हिरवळ आपण केवळ पाहायची शोभा समजतो, ती पुष्कळदा नकाशावर करमणुकीची जागा म्हणूनच मंजूर झालेली असते. मग त्यावर मुलांनी पाय ठेवू नये असे म्हणण्याला कितपत आधार उरतो, हे सभेत शांतपणे विचारता येते. हिरवळ राखायचीच असेल तर तिचा निम्मा भाग काढून तिथे साधी माती पसरावी. आम्ही तसे केले. पावसाळ्यात चिखल होतो, जिन्यात पायांचे ठसे उमटतात आणि त्याबद्दल अजूनही तक्रारी येतात. परंतु मुले बाकीचे आठ महिने त्या मातीत असतात.

देखरेखीसाठी आम्ही कोणाला पगारावर ठेवलेले नाही. संध्याकाळी कट्ट्यावर बसणाऱ्या ज्येष्ठ मंडळींचे बाकच तिकडे तोंड करून मांडले. आपल्या सासूबाईंना मुलांच्या मागे धावायची गरज नाही. लिफ्टने खाली येऊन त्या तासभर बाकावर बसल्या आणि त्यांच्यासोबत आणखी दोघी असल्या, तरी नोकरीवर गेलेल्या पाच-सहा घरांची चिंता मिटते.

इंद्रायणीकाठ (पिंपरी-चिंचवड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मंजूर नकाशा मागण्यासाठी उद्याच सचिवांना अर्ज देते. शिकवणीच्या वेळेबाबत तीन पालकांशी बोलणे झाले असून तिघीही तयार आहेत.

एक शंका उरते आणि ती मुलीविषयी आहे. मुलगा चार मुले दिसली की पळत जाईल. मुलगी मात्र आता ‘तिथे सगळे मुलगेच असतात’ म्हणून मागे सरते. गेल्या वर्षीपर्यंत तिचे असे नव्हते.

पंचगंगा (कोल्हापूर)

ताई, मी मुलींच्या खो-खो संघाबरोबर काम करते, त्यामुळे हे वाक्य मी अनेक घरांतून ऐकले आहे. अकरा-बारा वर्षांच्या आसपास मुली खेळातून बाहेर पडू लागतात आणि त्यामागे एकच कारण नसते. शरीर बदलत असते, कोणीतरी पाहत आहे अशी जाणीव नव्याने झालेली असते, पाळी सुरू झालेली असते किंवा होण्याच्या बेतात असते आणि मैदानाजवळ स्वच्छतागृह नसते. घरात पाहुणे आले तर मुलगा खेळायला जातो आणि मुलीला चहाचे पाहायला थांबवले जाते. शिवाय दिवेलागणीच्या आत घरी ये, ही ताकीद मुलाला क्वचित मिळते आणि मुलीला रोज मिळते. वरच्या प्रतिसादात मुलग्यांचे ७८ आणि मुलींचे ८५ टक्के असे आकडे आले आहेत. त्या फरकाच्या पोटात हे सगळे आहे.

यावर तिला समजावत बसण्याने फार साधत नाही. उपयोग होतो तो तिच्यासारख्या आणखी दोन मुली बरोबर आणण्याचा. एकटी मुलगी मुलग्यांच्या घोळक्यात टिकत नाही; तिघी असल्या तर टिकतात आणि पाच असल्या तर आपला डाव मांडतात. म्हणून आठवड्यातले दोन दिवस तरी जागेचा निम्मा भाग मुलींसाठी राखून ठेवावा, असे तळमजला यांनी सुचवलेल्या ठरावात लिहून घ्यावे. नाहीतर मोठे मुलगे क्रिकेटची खेळपट्टी आखतात आणि मुलींच्या वाट्याला कडेचा कट्टा उरतो.

कपड्यांकडे लक्ष द्यावे. सैल टी-शर्ट, काळी किंवा निळी ट्रॅकपँट, अंगाला नीट बसणारे आतले कपडे आणि पकड असलेले बूट एवढे असले की मुलींचा अर्धा संकोच जातो. पाळीच्या दिवसांत खेळू नये असे वैद्यकीय कारण नाही. पोट दुखत असेल तर विश्रांती घ्यावी, बरे वाटत असेल तर खेळावे. हे तिला आईकडून स्पष्ट शब्दांत कळले पाहिजे, आणि आजीसमोर कळले तर अधिक चांगले.

आणखी एक सुचवते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या महिला आणि पुरुष या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून ती जिंकली आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचेच होते. त्या सामन्यांची चित्रफीत मुलीबरोबर बसून पाहावी. आमच्या संघातल्या मुली बचावाची तिसरी तुकडी मैदानात उतरली की श्वास रोखून पाहत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला आल्या तेव्हा प्रत्येकीला खांबावर झेप घेऊन गडी बाद करायचा होता.

संत्रानगर (नागपूर)

विदर्भातून थोडेसे. येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि म्हणूनच आमच्या शाळाही उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी साडेपाचला मुलांना खाली पाठवणे आम्हाला शक्य नसते. फरशी आणि डांबर तेव्हाही तापलेले असते. आम्ही त्या दोन महिन्यांपुरती खेळाची वेळ सकाळी सहा ते सात अशी बदलतो. मुले कुरकुर न करता उठतात, कारण सगळे सवंगडी त्याच वेळी उतरतात. वेळ वर्षभर एकच हवी असा आग्रह नसावा. ऋतूप्रमाणे ती सगळ्यांची मिळून बदलावी.

खांब ते खांब (सातारा)

पंचगंगा ताईंनी मुलींविषयी जे लिहिले त्यात मी काही वाढवू शकत नाही; माझ्या सेवेत ही समज उशिरा आलेल्या सहकाऱ्यांना मला ती वारंवार सांगावी लागली होती.

इंद्रायणीकाठ ताई, सोसायटीच्या बाहेरचा एक मार्ग सांगायचा राहिला होता. आपल्या भागात महापालिकेची किंवा अनुदानित शाळा असेलच, आणि तिचे पटांगण शाळा सुटल्यावर कुलूपबंद असणार. जे मैदान लोकांच्या पैशाने राखले जाते, ते मुलांना सर्वाधिक गरज असलेल्या वेळेला बंद राहावे, हे मला आजवर पटलेले नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात एका गरीब वस्तीतले शाळेचे पटांगण शाळेनंतर आणि सुटीच्या दिवशी उघडे ठेवून तिथे देखरेखीला माणसे नेमली गेली. तशाच दुसऱ्या वस्तीशी तुलना केली तेव्हा घराबाहेर खेळणाऱ्या, हालचाल करणाऱ्या मुलांची संख्या तिथे ८४ टक्क्यांनी अधिक आढळली. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झाले. तिथे नवे क्रीडासंकुल बांधले नव्हते. असलेले फाटक उघडले आणि एक जबाबदार माणूस उभा केला.

आपल्याकडे यासाठी शाळा व्यवस्थापन समितीकडे जावे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत ही समिती असावी लागते, तिचे निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. म्हणजे अर्ज कोणा दूरच्या साहेबापुढे न जाता आपल्यासारख्याच आई-वडिलांपुढे जातो. मुख्याध्यापकांना सहसा तीन गोष्टींची धास्ती असते: मोडतोड झाली तर भरपाई कोण देणार, कोणाला लागले तर जबाबदार कोण, आणि कुलूप कोण लावणार. अर्जातच या तिन्हींची उत्तरे लिहावीत. वार आणि वेळ, रोज हजर राहणाऱ्या दोन पालकांची नावे, प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा दूरध्वनी, किल्ली कोणाकडून घ्यायची व कोणाकडे द्यायची, एवढे एका पानावर मांडावे. शाळेतल्या मुलांनाही त्या वेळी खेळायला मुभा असेल, असे त्यात अवश्य लिहावे. नाहीतर बाहेरची मुले आत आणि शाळेची मुले फाटकाबाहेर असा अन्याय होतो.

सुरुवातीला एका सत्रापुरती परवानगी मागावी, दिवाळीनंतरचे सत्र सोयीचे, कारण चिखल नसतो. त्या काळात सूर्य लवकर मावळतो हे धरून वेळ पाच ते सहा ठेवावी आणि मैदानावर फक्कीने एक लंगडीचा चौकोन व एक खो-खोची पाटी आखून ठेवावी. पूर्ण मापाचे खो-खोचे मैदान २७ बाय १६ मीटर लागते; तेवढे नसेल तर खांबांमधले अंतर कमी करून सहा गडी बसवले तरी लहान मुलांचा डाव उत्तम होतो. खांब रोवायला परवानगी मिळाली नाही तर दोन मोठी मुले खांब म्हणून उभी करावीत. अर्जाचा मसुदा हवा असल्यास कळवावे, मी लिहून देतो.